नेस्तोर फावाशोचा डास-बंदोबस्त

नेस्तोर फावाशोने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा लग्नाची मागणी घातली. ती नाकारली गेली नाही आणि मान्यही झाली नाही. पाच दिवसांच्या पायपिटीनंतर उत्तर मिळेल, असं ठरलं. नोटरीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘अर्ज विचाराधीन आहे’ या अवस्थेची सवय असते. पण या अर्जाला जंगल जोडलेलं होतं, आणि जंगलात डास होते.

मागणी घातली ती जासियाराला. ती सरकारी तपासणी केंद्रात मलेरियाच्या काचा बघायची. दिवसाला चाळीस माणसांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घालणारी ही एकोणपन्नास वर्षांची बाई. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी दुसरीबरोबर मानाउसला निघून गेला, तेव्हापासून तिला चालण्याचं वेड लागलं होतं. ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलें शहरात महत्त्वाच्या गोष्टी दुपारच्या पावसाआधी नाहीतर पावसानंतर ठरतात. नेस्तोरने पावसानंतरची वेळ निवडली आणि जागा निवडली ताकाका या गरम, आंबट सूपची गाडी. इथे त्याचं चुकलं. ताकाकातला पाला चावला की ओठ बधिर होतात. ‘लग्न’ हा शब्द पहिल्या खेपेला नीट निघाला नाही. दुसऱ्या खेपेला मोठ्याने म्हणावा लागला, आणि तोवर गाडीवरची बाई पळी हातात धरून ऐकत उभी राहिली होती.

जासियाराने वाटी खाली ठेवली. “माझा पहिला नवरा घरात फार चांगला होता,” ती म्हणाली. “सोफ्यावर बसलेला माणूस कुठलाही चांगलाच दिसतो. तीन महिन्यांनी आमचा गट पायवाटेवर निघतोय, पार समुद्रापर्यंत. तुम्ही माझ्याबरोबर पाच दिवस चला. मग सांगते.”

नेस्तोर तत्काळ हो म्हणाला. वयाच्या नवव्या वर्षापासून आपण एकही रात्र मच्छरदाणीबाहेर काढलेली नाही, हे मात्र तो म्हणाला नाही. तो अकराव्या मजल्यावर राहायचा. तिथवर उडत यायचं म्हणजे डासालाही दोनदा विचार करावा लागेल. तरीही तो रोज संध्याकाळी साडेपाचला खिडक्या लावायचा, सहाला पुन्हा तपासायचा आणि रात्री मच्छरदाणीच्या चारही कडा गादीखाली अशा खोचायचा की सकाळी कामवालीला त्या उपसून काढाव्या लागत. लोकांना ही त्याची हौस वाटायची. त्याला कारण होतं, पण ते तो कोणाला सांगत नसे.

पायवाट समितीचं माहितीपत्रक आलं. वाटेत गावोगावच्या छपरांखाली मुक्काम, झोपायला ज्याने त्याने आपापली झोळी आणि मच्छरदाणी आणावी, असं त्यात लिहिलं होतं. बेलेंमध्ये झोळी नाही असं घर नाही. भिंतीला झोळीच्या कड्या नसतील तर भाडेकरू घर घेत नाही. नेस्तोरकडेही आईची सुती झोळी होती. पण साधी झोळी आणि वरून सोडलेली मच्छरदाणी यांच्यात खालून एक वीत जागा उघडी राहते, आणि ती वीत त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. शिवाय डास कापडातून खालूनही चावतो. मग त्याने आराखडा काढला. खालून जाड कापड, वरून दुहेरी जाळी, दोन्ही एकमेकांना सगळीकडून शिवलेली, आत शिरायला एकच चेन. दोरीवरून मुंग्या येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या बाटलीचे कापलेले तळ, त्यात आंदिरोबाच्या बियांचं कडू तेल. थोडक्यात, माणूस आत शिरला की जगाशी त्याचा संबंध संपला.

शिवायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या ओदेतेबाईंनी घेतलं. मापं घ्यायला त्यांनी नेस्तोरला जेवणाच्या टेबलावर उताणं झोपवलं. तेवढ्यात झगे घालून बघायला दोन बायका आल्या. त्यांनी दारातच थबकून एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने सवयीने छातीवर क्रूस काढला. ओदेतेबाईंनी तोंडात टाचण्या धरूनच खुलासा केला की हे मेलेले नाहीत, यांचं लग्न आहे. संध्याकाळपर्यंत ती बातमी अकराही मजले चढून गेली.

त्यानंतर जो तो सल्ला घेऊन येऊ लागला. ओदेतेबाईंचं म्हणणं, पंधरा दिवस ‘बी’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, घामाला असा वास येतो की डास वळून बघत नाही. नेस्तोरने गोळ्या घेतल्या. डासांचं माहीत नाही, पण कचेरीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने टेबल खिडकीकडे सरकवलं. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांनी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळायला सांगितले. वॉचमन बिने मूळचा माराझो बेटावरचा. त्याने या शहरी उपायांवर हसून वाळक्या वारुळाचं एक ढेकूळ आणलं आणि लिफ्टमधूनच पेटवत वर आला, कारण त्याला पेट घ्यायला वेळ लागतो म्हणे. लिफ्टमध्ये तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षा मार्लुसियाबाई होत्या. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ‘लिफ्टमध्ये पाळीव प्राणी, सायकली व वारुळे आणू नयेत.’ नाव कोणाचंच नव्हतं; वाचणारे मात्र वाचून झालं की नेस्तोरच्या दाराकडे बघत.

झोळी तयार झाली, पण ती टांगून बघायला घरात जागा पुरेना. अंगणात दोन आंब्याची झाडं होती, अगदी नेमक्या अंतरावर. त्यांच्यात झोळी बांधायची तर सोसायटीची परवानगी हवी. नेस्तोरने अर्ज केला. सभा भरली. झाडाला दोरीचा काच पडेल का, यावर पाऊण तास चर्चा झाली. एकदा ही प्रथा पडली तर उद्या सगळेच अंगणात झोपतील, अशी भीती दंतवैद्यांनी व्यक्त केली. शेवटी ठराव झाला की श्री. फावाशो यांनी शनिवारी सकाळी सात ते आठ या वेळेत, स्वतःच्या जबाबदारीवर, वैवाहिक कारणास्तव झोपावे. ‘वैवाहिक कारणास्तव’ हे शब्द कोणी घातले ते कळलं नाही, पण ते इतिवृत्तात आले आणि नेस्तोरला ते सही करून स्वीकारावे लागले.

शनिवारी खाली अठरा माणसं जमली. नेस्तोर आत शिरला, चेन लावली. दिवस आंब्यांचे होते. सात चाळीसला एक आंबा सुटला आणि थेट त्याच्या नाकावर आला. जाळी फाटली नाही. ओदेतेबाईंनी शिवणीचं कौतुक करून घेतलं. नाक मात्र सोमवारपर्यंत जांभळं होतं. कचेरीत त्याने जिन्यावरून पडल्याचं सांगितलं, आणि सहकारी म्हणाला की हो, आंब्याच्या जिन्यावरून.

यानंतर समितीने जबाबदारीचं प्रतिज्ञापत्र मागितलं, सही खरी असल्याच्या नोटरीच्या शिक्क्यासह. नेस्तोरचा सगळा जन्म लोकांच्या सह्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्यात गेलेला. पण स्वतःच्याच सहीवर स्वतःच शिक्का कसा मारणार? तो पलीकडच्या रस्त्यावरच्या नोटरीकडे गेला. तिथल्या विशीतल्या मुलीने त्याची सही जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि कागद परत सरकवला. नमुन्यातला ‘फ’ उभा आहे, तुमचा पडलाय, ती म्हणाली. नेस्तोरने सांगितलं की नमुना अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आहे आणि दरम्यान त्याचं काय काय पडलंय याची गणती नाही. मुलगी म्हणाली, “काका, मी काय करू, नियम आहे.” हे वाक्य त्याने स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं. ऐकायला ते किती वाईट असतं हे त्या दिवशी कळलं. नवा नमुना देऊन, चार दिवस थांबून सही एकदाची त्याची ठरली.

आणि मग ते निघाले. गटात आठ माणसं, वाटाड्या तोमे. नेस्तोरच्या पाठीवर सगळ्यात मोठी पिशवी होती, आणि तिच्यात कपड्यांचा एक जोड सोडला तर सगळा बंदोबस्तच होता.

पहिल्या मुक्कामाला लोकांनी दोन मिनिटांत झोळ्या बांधल्या आणि मासे भाजायला घेतले. नेस्तोरला सव्वा तास लागला. शेवटी जे लटकलं त्याच्याकडे बघायला अख्खं गाव आलं. घरधनीण म्हातारीने जाळीला बोट लावून पाहिलं आणि जासियाराला हळूच विचारलं, साहेबांना काही लागण झालीय का, घरात लहान पोरं आहेत. जासियारा ओठ दाबून म्हणाली की नाही, त्यांना सवय नाही. ते ‘सवय नाही’ नेस्तोरला फार लागलं. त्यापेक्षा लागण परवडली असती.

पुढची अडचण अशी की एकदा चेन लागली की उजाडेपर्यंत बाहेर पडणं नको. उघडायची म्हणजे काहीतरी आत येणार. म्हणून दुसऱ्या दिवशी नेस्तोरने दुपारपासून पाणी पिणंच बंद केलं. तीनच्या उन्हात तो वाटेवर दोनदा बसला. जासियाराने बाटली पुढे केली, त्याने तहान नाही म्हणून सांगितलं. ती त्याच्या वाळलेल्या ओठांकडे बघत राहिली. मनातल्या मनात तिने एक गुण वजा केला असणार, असं त्याला वाटलं. तो दिवसभर तेच करत होता, तिच्या चेहऱ्यावरून आपले गुण मोजत होता, आणि बेरीज काही वर जात नव्हती.

त्यात भर म्हणजे जाळीच्या भोकांतून सहज येतील इतकी बारीक केमरं तिथे होती, आणि गवतात बसल्यावर अंगावर चढणारे, डोळ्यांना न दिसणारे तांबडे किडे. त्यांनी नेस्तोरची जी जागा निवडली ती कंबरेखाली, मागच्या बाजूला. चारचौघांत तिथे हात नेता येत नाही, आणि ज्या बाईने आपल्याला अजून होकार दिलेला नाही तिच्यासमोर तर नाहीच. तो फुलपाखरं बघायच्या निमित्ताने झाडांमागे जाऊ लागला. तोमेने गटाला सांगितलं, साहेबांना फुलपाखरांची फार आवड.

तिसऱ्या दिवशी उजाडताना कोंबड्यांनी कालवा केला. तोमेचा आवाज आला, अगदी शांत, जणू पाहुणे आलेत असं सांगावं तसा: “ताओका येतायत. सगळ्यांनी बाहेर व्हा.” ताओका म्हणजे काळ्या मुंग्यांची फौज. ती आली की घर रिकामं करून द्यायचं. ती झुरळं, विंचू, कोळी सगळं झाडून नेते आणि तासाभरात निघून जाते. गावच्या लोकांना त्यात आनंदच. त्यांनी पोरं उचलली, कोंबड्यांची पिल्लं टोपलीत घातली, कॉफीचं भांडं घेतलं आणि ओढ्याकाठी जाऊन बसले.

नेस्तोरने घाईने चेन ओढली. चादरीचा काठ तिच्यात अडकला. त्याने जोर लावला, काठ आणखी आत गेला. तो हाक मारणार होता, पण ‘चेन अडकली’ असं ओरडायला त्याचा जीव होईना, आणि त्या दोन मिनिटांत जमीन काळी झाली. ती हलत होती आणि तिचा आवाज येत होता, वाळक्या पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखा.

बाहेरून तोमे म्हणाला, “साहेब, आता हलू नका. सुरी घेऊन मला आत येता येणार नाही. पडून राहा, जातील.”

डोक्याकडच्या दोरीवर तेलाची बाटली होती. पायाकडची त्यानेच काल काढली होती, कारण तिच्यातून मोज्यांवर तेल गळत होतं. त्या दोरीवरून मुंग्या उतरल्या आणि जाळीवर पसरल्या. मग छपरातली सगळी रयत फौजेला भिऊन खाली उड्या टाकू लागली. झुरळं पडली, गोम पडली, तळहाताएवढा कोळी पडला, आणि प्रत्येकाला सुरक्षित जागा म्हणून ती जाळीच दिसली. तीन महिने ज्यांच्यापासून वाचायची तयारी केली ते सगळे नेस्तोरच्या नाकापासून चार बोटांवर होते. तो त्यांची पोटं बघत होता. श्वास घेतला की जाळी हलते, म्हणून तो श्वासही अर्धाच घेत होता.

“नेस्तोर.”

जासियारा विजारीचे पाय मोज्यांत खोचून छपराच्या कडेला एका ओंडक्यावर उभी होती. दहा हातांवर. “माझ्याकडे बघा. वर बघू नका. काहीतरी बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. तुम्ही दुपारनंतर पाणी का पीत नाही ते सांगा.”

आणि नेस्तोर बोलायला लागला. पाण्यापासून सुरुवात केली, पण तोंडून निघालं ते वेगळंच. तो नऊ वर्षांचा होता. वडील नदीच्या वरच्या अंगाला वखारीवर कारकून होते. घरात मुलांना मच्छरदाणी एकच, एका बाजूने फाटलेली. तो आणि त्याची धाकटी बहीण लिंदाल्वा तिच्याखाली झोपायचे, आणि धड बाजू कोणाची यावरून रोज भांडण व्हायचं. तो मोठा होता, जोर जास्त होता. धड बाजू त्याची व्हायची. पावसाळा संपता संपता दोघांना ताप आला. तो उठला. लिंदाल्वा उठली नाही. सात वर्षांची होती.

हे त्याने चव्वेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. आईला बाजूंचं ठाऊकच नव्हतं.

मुंग्यांचा तो बारीक पाऊस चालू होता. मग जासियाराने विचारलं, अगदी केंद्रातल्या टेबलाशी विचारत असावी तशा आवाजात: “संध्याकाळी तुम्ही दोघं कुठे असायचात? सूर्य मावळताना?”

“घाटावर. आंघोळीला.”

“रोज?”

“रोज.”

“मलेरियाचा डास तिन्हीसांजेलाच चावायला लागतो, नेस्तोर. नदीकाठी. मी बावीस वर्षं हेच लोकांना सांगतेय. मच्छरदाणीत शिरायच्या आधीच तुम्हा दोघांना काय व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. आणि ताप तुलाही आलाच की. धड बाजूला झोपूनही आला.” ती थांबली. “कुठली बाजू कोणाची, याने काही झालेलं नाही. ऐकतोयस ना तू?”

नेस्तोर ऐकत होता. एवढ्या घाबऱ्या अवस्थेतही ‘तुम्ही’चा ‘तू’ कुठे झाला ते त्याच्या लक्षात आलं होतं. पण तेव्हा त्याला त्याचा आनंद झाला नाही. त्याला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात वर नेता येत नव्हता, कारण जाळीवर तो कोळी बसला होता. ते तसंच कानांत ओघळत राहिलं.

पाऊण तासाने फौज निघून गेली. तोमेने सुरीने जाळी टराटरा फाडली. नेस्तोर खाली उतरायला गेला तर पाय बधिर, तो तसाच जमिनीवर बसला. म्हातारीने त्याच्या हातात कॉफी दिली. जासियाराने पाण्याची बाटली दिली, आणि ती त्याने बघता बघता रिकामी केली. उरलेल्या दोन रात्री तो गावकऱ्यांच्या साध्या मच्छरदाणीखाली झोपला, वीतभर फट ठेवून. झोप आली म्हणता येणार नाही. पण तो पडून राहिला.

पाचव्या दिवशी समुद्र आला. सगळ्यांनी पाण्यात पाय घातले, खेकडे खाल्ले. नेस्तोर उत्तराची वाट बघत होता. जासियारा भरती-ओहोटीबद्दल बोलली. बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, पण ती सीटही अरुंद होती, त्यावरून काही ठरवणं कायद्याने योग्य नव्हतं. एक आठवडा गेला. दहा दिवस गेले. तिचे फोन यायचे, ती ‘तू’च म्हणायची, पण त्या विषयावर काही नाही. विचारावं तर घाई केल्यासारखं दिसणार. न विचारावं तर आपल्यालाच विसर पडल्यासारखं. सोसायटीत लोक लिफ्टमध्ये भेटले की भुवया उंचावायचे आणि तो मजल्यांचे आकडे बघत राहायचा.

अकराव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. तो तडक तपासणी केंद्रात गेला. जासियाराने त्याच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि काचेच्या खिडकीपलीकडे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नेस्तोर बाकावर बसून तिचा एक खांदा आणि चाक फिरवणारी बोटं बघत होता. असं इतका वेळ ती एरवी बघते का, हे त्याला माहीत नव्हतं. तिने काच काढली, पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा पाहिलं. नंतर शेजारच्या बाईलाही बघायला लावलं.

“काही नाही,” ती खिडकीतून म्हणाली. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. “दोघींनी बघितलं. मलेरिया नाही.”

मग ताप कशाचा, म्हणून त्याला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नेस्तोरला पडद्यामागे नेलं, आणि फुलपाखरांचं सगळं प्रकरण तिथे उघडकीस आलं. ते गोचिडाच्या जातीचे किडे चावलेत, तुम्ही खाजवून खाजवून जखमा केल्यात, त्या पिकल्यात, डॉक्टर म्हणाले. आणि त्यांचा आवाज पडद्यापेक्षा बराच मोठा होता. बाकावरच्या नऊ रुग्णांनी माना वळवल्या. नेस्तोर विजार सावरत बाहेर आला. सत्तावीस वर्षांची नोकरी, सोसायटीचा ठराव, एवढी मापं काढून शिवलेली झोळी, या सगळ्याचं शेवटी हे झालं होतं.

डॉक्टर मलम लिहून देऊ लागले. दिवसातून दोनदा, पंधरा दिवस. “तुमचं तुम्हाला तिथलं दिसणार नाही, नीट लावता येणार नाही,” ते कागदावरून मान वर न करता म्हणाले. “घरी लावून द्यायला कोणी आहे का?”

नेस्तोरने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

“आहे,” काचेपलीकडून जासियारा म्हणाली. तिचा डोळा पुढच्या रुग्णाच्या काचेवरून हलला नव्हता. “लिहा, डॉक्टर. आहे.”